डाव्या कानाखालची पट्टी

१

बातमी आली तेव्हा मी बँगोर शहरातल्या माझ्या खोलीत रेडिएटरवर मोजे वाळत घालत होतो. शनिवार होता. मुलांच्या निबंधांचा गठ्ठा टेबलावर पडून होता आणि मी तो टाळण्यासाठी कपडे धुवायला काढले होते. फोन वाजला. ओल्या हातानेच उचलला.

पलीकडे क्लोदेत होती, माझ्या धाकट्या भावाची, रोझेरची बायको. ती एरवी आधी हवापाण्याबद्दल बोलते. त्या दिवशी म्हणाली, "नॉर्मां, पापांची दाढी झालीय. ती करूनच तो निघाला होता."

हे ती मला का सांगतेय ते कळेना. "बरं," मी म्हणालो.

"पुलाच्या उतारावर त्याचा लाकडाचा ट्रक घसरला. बर्फ होता. रोझेर गेला." मग ती थांबली. मला वाटलं, आता रडेल. पण तिने विचारलं, "उद्यापासून पापांची दाढी कोण करणार?"

धक्क्यात माणूस काहीही बोलतो, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे लक्षात आलं की त्या दिवशी कामाचा प्रश्न तेवढा तिनेच विचारला होता.

शाळेला कळवून मी गाडी काढली आणि उत्तरेला, नदीकाठच्या आमच्या गावी निघालो. वाटेत बर्फ पडत होता. मोजे रेडिएटरवरच राहिले.

२

पापांना काही कळवलेलं नव्हतं. शरदात अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका आला तर आटोपलं. चर्चमधल्या प्रार्थनेला त्यांना नेलं नाही. आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्यांना लगेच पुरत नाहीत, जमीन दगडासारखी गोठलेली असते. दफनभूमीच्या कडेला टेकडीत खणलेली दगडी खोली आहे. पेट्या तिथे ठेवायच्या आणि बर्फ वितळला की एकेक करून पुरायच्या. रोझेरलाही तिथेच ठेवलं.

परतताना क्लोदेत म्हणाली, "पुरायच्या आधी त्यांना सांगायला हवं. बापाला न सांगता मुलाला मातीत घालायचं नाही. आणि सांगायचं तू. तू मोठा."

"सांगतो," मी म्हणालो. "थोडे सावरू देत."

"ते सावरलेलेच आहेत. सावरायचंय ते आपल्यालाच."

तिने मला एक कागदी पिशवी दिली. त्यात रोझेरचं घड्याळ, पाकीट आणि पापांचं रेझर होतं. पापांनी डाव्या हाताने दाढी करायला जाऊन हनुवटी कापून घेतली होती. तेव्हापासून रोझेर ते रेझर कोटाच्या खिशात घेऊन फिरायचा आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी येऊन त्यांची दाढी करायचा. जुनं, जड, चकचकीत रेझर. दांड्याच्या बुडाची फिरकी फिरवली की डोक्यावरची दोन झाकणं कपाटाच्या दारांसारखी उघडायची. अपघातात डोकं दांड्यापासून सुटलं होतं. पिशवीत दोन्ही तुकडे वेगवेगळे वाजत होते.

३

पापा कागदाच्या गिरणीत मुकादम होते. दाढी न करता ते कधी जेवायला बसले नाहीत, ताप असतानाही नाही. झटक्यानंतरही तो नेम सुटला नव्हता.

मी माझं रेझर घेऊन गेलो तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"रोझेर कुठाय?" त्यांचे शब्द तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून यायचे.

"वर जंगलात, लाकूडतोडीच्या कँपवर. मोठं काम लागलंय."

"मग तो आला की करेल."

"पापा, मी करतो ना."

"तू मास्तर आहेस. खडू धर."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कुट्टूची धिरडी केली, आम्ही त्यांना प्लॉय म्हणतो. वर काकवी घातली. त्यांनी ताटली डाव्या हाताने सरकवली. अंगावर हाडं तेवढी उरली होती. असा माणूस किती टिकेल, हे कळायला डॉक्टरची गरज नव्हती.

"माझंच रेझर आण," संध्याकाळी ते म्हणाले. "त्याने केलीस तर बघू."

"ते मोडलंय. डोकं सुटलंय."

"मग बसव."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. ते खुर्चीतून बघत होते. साचलेला साबण मी गरम पाण्याने आणि व्हिनेगरने सोडवला, जुन्या टूथब्रशने घासला. पोकळ दांड्याच्या आतून एक सळई जाते, झाकणं तीच उघडते. तिला गोंद लागला तर सगळं कायमचं चिकटून बसेल, म्हणून तिला व्हॅसलीन लावलं.

"झाकणं दाबू नकोस," पापा म्हणाले.

"नाही दाबत."

"दाबतोयस. रोझेर असता तर शिवी दिली असती."

"पापा, तुम्हीच द्या."

त्यांनी दिली. अख्खी, अस्खलित. झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं सलग वाक्य असावं. आम्ही दोघंही हसलो. दोन नळ्यांमधला गोंद एकत्र करून मी कडेला लावला, डोकं नीट बसवलं आणि रेझर सुक्या वाटाण्यांच्या डब्यात सरळ रोवून ठेवलं. सकाळपर्यंत ते दगडासारखं घट्ट व्हायला हवं होतं.

४

सकाळी एका बारीक आवाजाने मला जाग आली. लोखंडावर लोखंड घासत खाली जावं आणि कुठेतरी टेकावं, तसा. तो मी लहानपणापासून ओळखतो. मोरीतल्या आरशाच्या कपाटाला, आतल्या पत्र्यात एक फट आहे. जुनं ब्लेड त्या फटीतून टाकायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडतं. घर बांधणाऱ्याने कधी विचार केला नसावा की भिंतही भरते. पापांची उभ्या हयातीची ब्लेडं तिथे आहेत.

गरम पाण्याचा पाइप तापून वाजला असेल, असं म्हणून मी खाली आलो.

पापा टेबलाशी बसले होते. दाढी झाली होती. गाल गुलाबी होते आणि साबणाचा वास येत होता.

"प्लॉय कर," ते म्हणाले. "भूक लागलीय."

मी डबा पाहिला. दांडा वाटाण्यांत उभा होता, कोरडा. डोकं बाजूला पडलं होतं. गोंद ओला राहिला असेल म्हणून नखाने टोकरून पाहिला, तर तो काचेसारखा कडक होता. अर्धा दांड्यावर आणि अर्धा डोक्यावर, दोन्हीकडे गुळगुळीत. मोडल्याची खूण नव्हती. ते दोन तुकडे जणू एकमेकांना कधी लागलेच नव्हते.

"पापा, दाढी कोणी केली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना त्यांचं नाव विचारलंय. "काकवी कमी घाल," ते म्हणाले.

मी क्लोदेतला फोन लावला. "तू येऊन गेलीस?"

"मी अजून अंथरुणात आहे. काय झालं?"

"काही नाही."

त्यांचीच करामत असेल, असं मी ठरवलं. डाव्या हाताने, माझ्या रेझरने. पण माझं रेझर माझ्या बॅगेत होतं, चेन लावलेल्या पेटीत, कोरडं. आणि त्याच वेळी समोर त्यांच्या डाव्या हातातला चमचा थरथरत होता, काकवीचे थेंब टेबलावर पडत होते. गालावर मात्र एक ओरखडा नव्हता.

मग मला ती पट्टी दिसली. डाव्या कानाखाली पांढऱ्या खुंटांची करंगळीएवढी पट्टी राहिली होती. रोझेर ती नेहमी सोडायचा. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी करवतीने मधल्या पेरापासून नेली होती. त्या जागची कातडी त्याला नीट ताणता यायची नाही.

५

त्यानंतर ते रोज जेवू लागले.

रोज सकाळी भिंतीत एक ब्लेड पडायचं. मी उठून जाईपर्यंत पापा टेबलाशी असायचे, ताजे, आणि मोरीतल्या बेसिनला ओल नसायची. कपाटातल्या नव्या ब्लेडांची पुडी मी उघडून पाहिली. तिचा कागद कारखान्यातून आला तसाच चिकटलेला होता. मग रोज पडत होतं ते कुठलं ब्लेड? फटीला कान लावला तर आत काही नव्हतं. भिंतीतली थंडी तेवढी कानाला लागली. हळूहळू मला जाणवलं की ब्लेड पूर्वीइतकं खाली जात नाही. घासत जाण्याचा आवाज आखूड होत चालला होता.

अंथरूण मी बदलायचो. लघवीचं भांडं मी धुवायचो. पाय मी चोळायचो, औषध चुरून सफरचंदाच्या गरात मी द्यायचो. शाळेने माझ्या जागी दुसरा माणूस घेतला, तसं पत्रही आलं. पापा माझ्याशी वाईट वागत नव्हते. हॉटेलातल्या वाढप्याशी वागतात तसं सभ्यपणे वागायचे. "ठीक आहे, मास्तर. ठेव तिथे."

क्लोदेत एकदा मांसाची कचोरी घेऊन आली, आमची ती मोठ्या थाळीएवढी असते. तिने पापांच्या गालावरून हात फिरवला.

"छान करतोस रे. मला वाटलं नव्हतं तुला जमेल." मग तिची बोटं कानाखाली थांबली. ती मला म्हणाली, "हे मुद्दाम सोडलंस?"

मी कचोरी कापायला सुरी शोधू लागलो.

"तोही सोडायचा," ती म्हणाली. "मी त्याला म्हणायची, एवढ्याशा जागेत बी पेरलंस तर बटाटे येतील." ती हसली. मग मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिली.

निघताना दारात तिने हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"नॉर्मां, मला काळे कपडे घालून यांच्या समोर येता येत नाही. माझा नवरा मेलाय आणि मी इथे लाल स्वेटर घालून कचोरी वाढतेय. रोझेर कधी येणार म्हणून विचारतात, मी म्हणते, लवकरच. किती दिवस करायचं हे?"

तिचं बरोबर होतं. शाबूत बुद्धीच्या माणसाने करायचं काम एकच होतं. रेझर नीट दुरुस्त करायचं, बापाची दाढी स्वतःच्या हाताने करायची आणि करता करता त्याला खरं सांगायचं. मी दाढी केली असती तर सकाळी दुसऱ्या कोणाची गरज उरली नसती.

मी तिला म्हटलं, "रोझेरची कथलाने डाग द्यायची कांडी आहे ना गराजमध्ये? ती दे मला."

६

या वेळी मी घाई केली नाही. जुना गोंद सगळा खरवडला. दोन्ही कडा बारीक पॉलिशपेपरने घासल्या, पितळ उघडं होईपर्यंत. आधी दोन्हीकडे कथलाचा पातळ थर चढवला, मग डोकं दांड्यावर टेकवून डाग दिला. कथील कडेकडेने वितळत सांध्यात शिरलं आणि सगळीकडून एकसारखं चमकलं. गार झाल्यावर फिरकी फिरवली. झाकणं उघडली, मिटली. दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिलं. हललं नाही.

पापांना दाखवलं. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं, वजन पाहिलं, फिरकी अंगठ्याने फिरवली.

"बरं बसवलंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "उद्या तू करणार?"

"हो. मग तुमच्याशी थोडं बोलायचंय."

त्यांनी रेझर माझ्या हातात परत दिलं. "बोलणं झालंच पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

मी त्याचा फार विचार केला नाही. आजारी माणसाला बोलण्याचा कंटाळा असतो. रेझर मी अंगातल्या झग्याच्या खिशात ठेवलं आणि तसाच झोपलो, म्हणजे सकाळी शोधायला नको.

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता, बर्फावरून परतणारा तो निळसर उजेड. मी खिशात हात घातला. रेझर होतं, अखंड. खिशातच दांडा मुठीत धरून मी खाली गेलो.

मोरीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत दिवा होता.

पापा आरशासमोर स्टुलावर बसले होते, दाराकडे त्यांची डावी बाजू होती. गळ्यात टॉवेल, गालांवर फेस. डावा हात मांडीवर, उजवा निर्जीव, त्यांनी ठेवला असेल तसा. मान थोडी मागे कललेली. आत दुसरं कोणी नव्हतं. हे मी नीट पाहिलं, कारण नीट पाहणं हे माझं कामच आहे. ती मोरी इतकी लहान आहे की तिथे दुसरा माणूस असला तर दार उघडत नाही.

मग त्यांच्या गालाची कातडी वर सरकली. कानाच्या दिशेने, हळू, आणि तिथेच ताणून राहिली. त्या ताणलेल्या कातडीत खळगे पडले होते, बोटांखाली पडतात तसे. त्यांच्यात एक जागा रिकामी होती. तिथे कातडी सैल होती.

फेसातून एक स्वच्छ रेघ खाली उतरली. खुंट कापले जाण्याचा तो खरखर आवाज मी ऐकला. मुठीतल्या माझ्या दांड्याला मी इतकं दाबून धरलं होतं की बोटं दुखायला लागली.

"हळू," पापा म्हणाले.

दुसरी रेघ उतरली.

"मास्तर अजून बोलला नाही," पापा म्हणाले. त्यांच्या शब्दांत अडखळ नव्हती. मग ते थांबले, समोरच्याचं ऐकताना माणूस थांबतो तसे. डोळे मिटलेले होते आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी फेसात उतरत होतं.

"हो," ते म्हणाले. "मीही त्याला विचारत नाही."

मी मागे सरलो. पायऱ्या चढून खोलीत आलो, पलंगावर बसलो. खाली भिंतीत ब्लेड पडलं. तो आवाज आता अगदी जवळून आला. मग मी खिशातून हात काढला. मुठीत फक्त दांडा होता. डोकं खिशाच्या तळाशी होतं. कथील दोन्ही कडांवर तसंच चमकत होतं, एकसारखं, जसं मी चढवलं होतं.

७

नदीतला बर्फ फुटला, वाहून गेला. मे उजाडल्यावर दफनभूमीत फावडी वाजू लागली. हिवाळ्यातले एकेक करून पुरले गेले. टेकडीतली ती खोली उन्हाळ्यात बंद ठेवतात, म्हणून तिथल्या माणसाचा फोन आला. त्याने आदराने तारीख विचारली. मी म्हणालो, कळवतो. त्याने पुन्हा केला. पुरायची जागा आमच्या घराण्याची आहे, वडील अंथरुणाला आहेत, म्हणजे होकार थोरल्या मुलाने द्यायचा.

क्लोदेत आली ती काळ्या कपड्यांत. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"सगळे गेले मातीत. तो एकटा राहिलाय त्या गारठ्यात. मी जाऊन आले. दाराला हात लावून आले." तिचा आवाज चढला नाही. "तू काय करतोयस, नॉर्मां?"

"पापांना अजून—"

"पापांना माहितीय." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "बापाला माहीत नसतं होय? मला बघून त्यांनी रोझेरचं नाव काढणं कधीच सोडलं. तुला तेवढंही दिसलं नाही? मग आता कशासाठी थांबलास?"

मला उत्तर देता आलं असतं. तिला म्हणता आलं असतं की उद्या सकाळी लवकर ये आणि जिन्यावर माझ्याशेजारी बस. पण मग तिलाही रोज यावंसं वाटलं असतं. किंवा तिने त्याच दिवशी फावडं मागवलं असतं, आणि पुढची सकाळ रिकामी गेली असती. यातलं काय झालं असतं ते मला ठरवता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते तिच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

"बरं नाहीये त्यांना," मी म्हणालो.

"कोणाला?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी पापांसमोर बसलो. ते खात होते. अंगावर थोडं मांस आलं होतं. गाल स्वच्छ होते.

"पापा," मी म्हणालो. "रोझेर—"

त्यांनी चमचा ठेवला आणि डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांचा हात गरम होता आणि त्याला साबणाचा वास येत होता.

"खा," ते म्हणाले. "गार होतंय, पोरा."

मी खाल्लं. त्यांनी हात बराच वेळ काढला नाही.

आता मी पहाटेच जागा होतो आणि पडल्या पडल्या ऐकत राहतो. ब्लेड भिंतीत पडताना आता घासत नाही, नुसतं टेकतं. कधी कधी खालून पापांचं हसणं येतं. रोझेर काय विनोद करायचा ते मला माहीत आहे. त्याचे सगळे विनोद मला पाठ आहेत. मी वरूनच हसतो.

आज सकाळी फोन पुन्हा वाजला. मी उचलला नाही. जून लागला आहे, आणि रोझेरला अजून पुरलेलं नाही.